पळतेस ४० किलोमीटर, खातेस दीड भाकरी

प्रश्न: ताई, मी नाशिकला राहते, वय ३९, वजन ५४ किलो, शाळेत शिकवते. जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन (२१ किमी) पळायचीय, रजिस्ट्रेशन झालंय. दोन वर्षं १० किमी पळत होते, ऑगस्टपासून वाढवत वाढवत आता आठवड्याला ४० किमी होतात. सुरुवातीला छान चाललं होतं पण थंडी पडल्यापासून सगळं बिघडलंय. पहाटे उठवत नाही, पाय जड, सहाव्या किलोमीटरला जीव नको होतो, महिन्यात दोनदा सर्दी झाली, दिवसभर हातपाय गार असतात. वजन कमी असलं की स्पीड वाढतो असं ग्रुपवर सगळे म्हणतात म्हणून भात, तूप, साखर बंद केलंय. संध्याकाळी सातनंतर काही खात नाही. सकाळी पळून आले की चहा आणि मग थेट साडेअकराला डबा, दीड भाकरी नि भाजी. मार्गशीर्षातले गुरुवारही आहेत. सासूबाईंनी डिंकाचे लाडू केलेत, मी हात लावला नाही म्हणून त्या नाराज आहेत. थंडीत फिट राहायला नेमकं काय खाऊ, एखादी पावडर सुरू करू का? आणि हो, दोन महिने पाळी आली नाहीये, पण ते वयामुळे असेल. — गारठलेली, नाशिक

उत्तर:

तू मला ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगं करतेय, चालेल ना.

अगं, तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तू "आणि हो" म्हणून अगदी शेवटी टाकलीस. मी तिथूनच सुरुवात करणार. दोन महिने पाळी नाही, हातपाय गार, सारखी सर्दी, पाय जड, हे चार वेगवेगळे त्रास नाहीत गं, आणि याचा दोष थंडीला तर अजिबात देऊ नकोस. शरीराला जेवढं लागतं तेवढं मिळत नसलं की ते काटकसर करायला लागतं, घरात पैसे कमी आले की आपण आधी ज्याच्यावाचून चालतं ते बंद करतो ना तसंच, आणि शरीराच्या हिशोबात पाळी ही ज्याच्यावाचून चालतं अशी गोष्ट आहे. मग प्रतिकारशक्ती, मग अंगातली ऊब, मग हाडं. खेळाडूंमधल्या या प्रकाराला २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी रेड-एस (खेळाडूच्या शरीरातली ऊर्जेची तूट) असं नाव दिलं, पण ते फक्त ऑलिम्पिकवाल्यांना होतं असं समजू नकोस, घर-नोकरी सांभाळून पहाटे पळणाऱ्या तुझ्या-माझ्यासारख्या बायकांना सर्रास होतं आणि आपण त्याला "वय झालं" म्हणून मोकळ्या होतो.

तुझं तेच आहे असं मी पत्रावरून ठामपणे सांगू शकत नाही, म्हणून या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. शक्यता नसेल वाटत तरी आधी प्रेग्नन्सी टेस्ट कर. मग थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि त्याच्यासोबत फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी), बी-१२, व्हिटॅमिन डी. फेरिटिन मुद्दाम सांगतेय कारण हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो आणि पळणाऱ्या बाईला ते आधी पायात जाणवतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका ॲनिमिक निघाल्या होत्या, म्हणजे तू त्यात असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, पळणं बाजूला ठेवलं तरी. आणि डॉक्टरांना सांगताना "आठवड्याला ४० किमी पळते आणि भात-तूप बंद केलंय" हे दोन्ही सांग, नाहीतर अर्धीच गोष्ट कळेल त्यांना.

आता हिशोब करू, शाळेतली आहेस तर तुला आवडेल. पळताना दर किलोमीटरला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी जाते. म्हणजे ५४ किलोची बाई ४० किमी पळली की आठवड्याला एकवीसशेच्या आसपास, दिवसाला ३०० झाल्या. बाजरीच्या एका भाकरीत साधारण दोनशे-सव्वादोनशे कॅलरी धर. बघ, तुझ्या डब्यातली दीड भाकरी निव्वळ पळण्यातच संपते, आणि मग दिवसभर वर्गात उभं राहायला, बोलायला, घरी येऊन स्वयंपाक करायला, थंडीत अंग गरम ठेवायला, पाळी यायला उरलं काय? शिवाय संध्याकाळी सात ते दुसऱ्या दिवशी साडेअकरा म्हणजे साडेसोळा तास पोटात चहाशिवाय काही नाही आणि बरोबर त्याच्या मध्ये तुझं पळणं. हे ग्रुपवरच्या कुणाला जमत असेलही, पण तू आठवड्याला जे ४० किलोमीटर पळतेयस त्याच्याशी याचं काही जमत नाही.

मला हे इतकं तळमळून सांगावंसं वाटतं कारण मी यातून गेलेय. काही वर्षांपूर्वी अशाच डिसेंबरात मी भाकरी अर्धी केली होती, वजन तीन किलो उतरलं, पेस, म्हणजे पळण्याचा वेग, खरंच सुधारला, महिनाभर फार खूश होते. मग नडगीत दुखायला लागलं, मी ताण म्हणून पळत राहिले, आणि शेवटी एमआरआयमध्ये हाडाला बारीक चीर निघाली. जानेवारीची रेस गेलीच, चार महिने पळणंही गेलं. सुरुवातीचा तो खुशीचा महिना फसवा असतो, तुझा ऑगस्ट-सप्टेंबर तसाच गेला असणार.

तर खायचं काय. पहिली गोष्ट, भात आणि तूप आजपासून परत. विचार वगैरे करू नकोस, आज रात्रीच वरण-भात-तूप-लिंबू खा. पळणाऱ्याच्या पायातलं इंधन म्हणजे कार्बोहायड्रेट, त्याचा साठा स्नायूंत आणि लिव्हरमध्ये असतो, आणि रात्रभराच्या उपाशी पोटानंतर लिव्हरमधला बराच साठा संपलेला असतो, स्नायूतला तू आदल्या दिवशी भरलाच नसशील तर सहाव्या किलोमीटरला जीव नको होणारच. यात तुझ्या जिद्दीचा काही दोष नाही.

पहाटे निघायच्या अर्धा तास आधी एक केळं, किंवा दोन-तीन खजूर, किंवा गुळाचा खडा आणि दोन टोस्ट, यातलं जे पोटाला सोसेल ते. चहा घे हवा तर. सुरुवातीला पोटात गुडगुडेल, सवय नाही म्हणून, अर्ध्या केळ्यापासून सुरू कर, दोन आठवड्यांत पोट शिकतं. आणि पळून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात खरा नाश्ता, नुसता चहा नाही. तुला साडेसातला शाळेच्या तयारीची घाई असणार, मुलांचे डबे, अहोंचा डबा, म्हणून सांगते, आधी तुझं. आपल्याकडे घरातली बाई सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभ्याने उरलंसुरलं खाते आणि त्याला कुणी नाव ठेवत नाही, पण तू आता पळून आलेली असतेस गं. दोन अंडी आणि पोळी, किंवा मुगाची धिरडी आणि दही, किंवा दाणे घालून पोहे आणि सोबत ग्लासभर दूध, किंवा नागलीच्या (नाचणीच्या) पिठाची दूध घालून खीर. नागली तर आपल्या जिल्ह्यातली, पेठ-सुरगाण्याकडून येते, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हाडांसाठी एवढं स्वस्त दुसरं काय मिळणार?

प्रोटीनबद्दल विचारलं नाहीस पण पावडरबद्दल विचारलंस म्हणजे तेच. लांब पळणाऱ्यांना वजनाच्या किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम लागतं, म्हणजे तुला रोज ६५ ते ८५ ग्रॅम. दीड भाकरी-भाजीच्या डब्यात दहा-बारा निघतील फार तर. एका अंड्यात ६, ग्लासभर दुधात ६-७, मूठभर शेंगदाण्यात ७-८, वाटीभर घट्ट वरणात ६-७, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत तर २५. चिकन-मासे खात असशील तर सोपंच. म्हणजे जमतं, फक्त प्रत्येक खाण्यात काहीतरी हवं, एकदम रात्री नाही. डब्यात भाजीऐवजी मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, एक पूर्ण भाकरी जास्त, बाजूला दही. एवढं करूनही कमी पडलं तर साधी व्हे पावडर (दुधापासून केलेली प्रोटीनची) घ्यायला माझी हरकत नाही, पण ज्या बाईने भात सोडलाय तिने आधी अडीच हजारांचा डबा आणावा हे मला पटत नाही.

सासूबाईंचे लाडू. अगं, डिंक, खारीक, खोबरं, खसखस, गूळ, तूप, थंडीत मेहनत करणाऱ्या माणसासाठीच ते केलेलं असतं आणि या घरात सध्या सगळ्यात जास्त मेहनत तूच करतेयस. पळून आल्यावर नाश्त्यासोबत रोज एक लाडू, फक्त पळायच्या आधी नको, तूप-खोबरं पचायला वेळ लागतो आणि पोटात दगड ठेवल्यासारखं होतं. त्यांना जाऊन सांग की चुकलंच माझं, मला रोज एक काढून ठेवा. त्यांच्याकडून पुढच्या खेपेला अळिवाचे पण करून घे, त्यात लोह असतं. आणि लोहाचं जे काही खाशील, बाजरी, अळीव, पालेभाज्या, कडधान्यं, त्याच्यासोबत लिंबू, आवळा किंवा पेरू असू दे, सध्या आवळे-पेरू दोन्ही भरपूर आहेत बाजारात, या फळांतल्या व्हिटॅमिन सीने ते लोह अंगाला लागतं. चहाने उलटं होतं. स्टाफरूमचा चहा डब्यानंतर लगेच येतो हे मला माहितीय, तो तासभर पुढे ढकल. एवढ्या एका बदलानेही फरक पडतो.

थंडीतला बाजार तर काय सांगू, ओला हरभरा, तुरीच्या शेंगा, पावटे, मटार, गाजर, मेथी, आता चंपाषष्ठीचं वांग्याचं भरीत. सगळं खा. फक्त एक लक्षात ठेव, बाजरीची भाकरी, उसळ, पावटे हे रविवारच्या लाँग रनच्या, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब पळण्याच्या, आदल्या रात्री नाही. फायबर जास्त, सकाळी पोट बिघडतं. शनिवारी रात्री मुगाची खिचडी, भात, बटाट्याची भाजी-पोळी असलं साधं, आणि सातऐवजी आठ-साडेआठला जेव, भूक लागली तर झोपताना दूध. सातनंतर खाल्लं तर सगळी चरबी होते हे कुणीतरी डोक्यात भरलंय, ते काढून टाक.

गुरुवार. उपास सोड असं मी म्हणणार नाही, घटाची पूजा, कहाणी, संध्याकाळी शेजारणी येणं, त्यातलं समाधान मला कळतं. पण गुरुवारी पळू नकोस, तो विश्रांतीचा दिवस कर, आणि उपास म्हणजे उपाशी असं नको. राजगिऱ्याचा लाडू, रताळं, दूध, केळी, भगर आणि दाण्याची आमटी, दही, दर तीन तासांनी काहीतरी, साबुदाणा एकदाच. संध्याकाळी नैवेद्य झाला की पोटभर, पुरणपोळी असेल तर तीही, तूप घालून. शुक्रवारी सकाळी हलकं पळ. आणि डॉक्टर म्हणाल्या या वर्षी उपास नको, तर पूजा कर नि जेव. देवीला तू धडधाकट असलेलीच आवडशील.

पाणी. थंडीत तहान लागत नाही, घाम आलेला कळत नाही कारण कोरड्या हवेत तो लगेच उडून जातो, आणि शाळेत बायका पाणी कमीच पितात, त्याचं कारण सगळ्यांना माहितीय. लघवीचा रंग बघत जा, गडद पिवळा म्हणजे कमी पडतंय. कोमट पाण्याची बाटली ठेव, गार पिववत नसेल तर. सव्वा-दीड तासाहून जास्त पळणार असशील तेव्हा नुसतं पाणी पुरत नाही, तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं. अर्धा लिटर पाण्यात सहा लहान चमचे साखर, दोन चिमटी मीठ, लिंबू, झालं काम, तीसेक ग्रॅम त्यात आलं, वरती एखादं केळं नाहीतर चिक्कीचा तुकडा. रेसच्या दिवशी जे खाणार ते आताच लाँग रनला खाऊन बघ, त्या दिवशी नवीन काही नको, फुकट मिळणारं एनर्जी जेलसुद्धा नको.

थंडीतल्या पळण्याबद्दल थोडंसं. नाशिकची थंडी खोटी नाही, निफाडकडे तर बागाईतदार द्राक्षं वाचवायला रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. घरातच पाच मिनिटं जागेवर चाल, पाय हलव, बाहेर पडल्यावर पहिलं एक किलोमीटर अगदी रमतगमत, गार स्नायूंना एकदम पळवलं की पोटरी धरते. कपडे दोन पातळ थर, कान झाकलेले, निघताना किंचित गारठा वाजला पाहिजे, दारातच उबदार वाटलं तर दोन किलोमीटरवर घामाघूम होशील. परत आलीस की ओले कपडे ताबडतोब बदल, त्यातच ओट्याशी उभी राहू नकोस. सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, त्यामुळे अंधारात चमकणारी पट्टी लाव आणि येणाऱ्या गाडीकडे तोंड करून पळ. गावाबाहेरच्या रस्त्याला सध्या उसाचे ट्रॅक्टर असतात, मागच्या ट्रॉलीला ना लाइट ना रिफ्लेक्टर, ऊस बाहेर आलेला, मला त्यांची मनापासून भीती वाटते. त्यापेक्षा गोल्फ क्लबच्या मैदानाला फेऱ्या मार, कंटाळा येईल पण घरी नीट येशील. जिथे कचरा पेटवलेला असतो, धूर खाली साचलेला असतो, तिथे तर नकोच. उशिरा उजाडल्यावर जमणार असेल एखाद्या दिवशी तर उत्तमच, ऊन पण मिळेल.

सर्दीचं असं, नुसतं नाक गळतंय तर हळू पळलं तर चालतं, पण ताप, अंगदुखी, छातीत कफ असेल तर पूर्ण बंद, आणि बरं वाटल्यावरही दोन दिवस आणखी थांब. चुकलेला रन भरून काढायला जाऊ नकोस.

आता रेस. ती जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे संक्रांत होऊन थोडेच दिवस झालेले असतात. हातात पाच-सहा आठवडे आहेत. डॉक्टरांचे रिपोर्ट येईपर्यंत आठवड्याचे ४० चे २५ वर आण, सगळं हळू, बोलता येईल इतकं हळू, आणि रविवारचा लाँग रन १० वर थांबव. हे वाचून तुझ्या पोटात गोळा येईल, मला माहितीय, पण दोन वर्षं पळणाऱ्या पायांचा दम दोन आठवड्यांत जात नाही, उलट खाऊनपिऊन विश्रांती मिळाली की तेच पाय हलके होतात. दोन दिवस वीस-वीस मिनिटं घरीच स्क्वॉट, टाचा वर उचलणं, प्लँक, जिना चढणं. रिपोर्ट ठीक असतील आणि डॉक्टर हो म्हणाल्या तर १२, १४, १६ असं वाढव, १६-१७ च्या पुढे जायची गरज नाही, शेवटचे दहा-बारा दिवस परत कमी.

आणखी एक गोष्ट जी नाशिककर हमखास विसरतात. तू तयारी करतेयस कोरड्या थंडीत आणि पळणार आहेस दमट मुंबईत. हाफ माहीमला रेतीबंदराजवळून अंधारात सुटते, सी लिंकवर वारा असतो, गार वाटतं, वाटतं आज आपलाच दिवस, सगळे तिथे सुसाट सुटतात. मी पळाले तेव्हा पेडर रोडच्या चढाला घामाने टी-शर्ट पिळायची वेळ आली होती, आणि घरी मी १० अंशांत सराव केलेला. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून जानेवारीत दर आठवड्याला दोन हलके रन शाळेला सुट्टी असेल तेव्हा नऊ-दहाच्या उन्हात कर. आणि मुंबईत पहिले पाच किलोमीटर नाशिकच्या पेसपेक्षा किलोमीटरला वीस-तीस सेकंद हळू.

भोगीची भाजी, तीळ लावलेली भाकरी, संक्रांतीच्या गुळपोळ्या खुशाल खा, त्या आठवड्यात कार्बोहायड्रेट वाढवायचंच असतं आणि गुळपोळीसारखं दुसरं काय आहे. फक्त रेसच्या आधीचा शुक्रवार-शनिवार भाकरी-भोगी बंद, भात, पोळी, बटाटा, केळी, ताक. हळदीकुंकू रेसनंतर ठेव, रथसप्तमीपर्यंत वेळ असतो, शनिवारभर उभं राहून पाय दमवू नकोस.

वजनकाटा माळ्यावर टाक तोवर. किलोभर वाढेल, दोन किलो वाढेल, वाढू दे. रिपोर्ट आले की मला लिही, काहीही आले तरी लिही, आणि फेरिटिनचा आकडा नक्की कळव. रेस या वर्षी नाही झाली तर पुढच्या जानेवारीत आहेच, २००४ पासून पळतेय मुंबई, कोविडमुळे २०२१ आणि २०२२ अशी दोन वर्षं चुकली तेवढीच. पाळी आधी येऊ दे.

आज रात्री भात लाव.